ट्रंक एक्स्चेंजमधली गाणारी बाई

बाईंविषयी लिहायचा मला काय अधिकार, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गाण्यातलं मला काही कळत नाही. सूर लागला की नाही, हे मी ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून ओळखतो. लिहिण्याचंही तेच. आमच्या घरात माझ्याआधी जे काही लिहिलं गेलं, ते म्हणजे साखर कारखान्याच्या गेटवर वडिलांनी पहारेकरी म्हणून केलेल्या सह्या. त्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि अजून कॉलेजातच आहे, एम.फिल. चालू आहे. तेव्हा कुठे चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. बाईंवर खरं तर एखाद्या जाणकाराने लिहायला हवं होतं. पण जाणकारांपैकी कोणी त्यांना ओळखत नव्हतं, ही अडचण आहे.

बाई सोल गायच्या. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं ते गाणं. मला हा शब्द दिल्लीला येईपर्यंत माहीत नव्हता. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "बाई, सोल म्हणजे नेमकं काय?" त्या ज्वारीचं पीठ मळत होत्या. म्हणाल्या, "चर्चमधलं गाणं दाराबाहेर पडलं ना, की त्याला सोल म्हणतात. आत देवाकडे मागायचं, बाहेर माणसाकडे मागायचं. मागणं तेच." आणि मग, "पाणी दे जरा. पीठ विरी गेलंय, भाकरी तुटेल."

त्या नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या कंपाउंडमध्ये वाढलेल्या. त्यांचे भाऊ आमच्या शाळेत शिक्षक होते. बारावीनंतर मला दिल्लीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, पण होस्टेल मिळालं नाही, तेव्हा सरांनी एक चिठ्ठी लिहून दिली. ती घेऊन मी सरोजिनी नगरातल्या सरकारी क्वार्टरच्या दारात उभा राहिलो. दार उघडणाऱ्या बाईंनी कडक इस्त्रीची सुती साडी नेसली होती आणि साडीखाली पुरुषी कॅनव्हासचे बूट घातले होते. चिठ्ठी वाचून त्यांनी मला एकच विचारलं, "घोरतोस का?"

मागच्या बंद केलेल्या व्हरांड्यात मी तीन वर्षं राहिलो. भाड्याचा विषय मी एकदा काढला होता. त्या नुसत्या हसल्या, आणि त्यांचं हसणं इतकं मोठं होतं की मी पुन्हा विषय काढला नाही.

सरकारी क्वार्टरमध्ये बाहेरचा माणूस ठेवायची परवानगी नसते. एकदा तपासणीला इन्स्पेक्टर आला. मी पुस्तकं घेऊन बसलेलो.

"मैडम, ये लड़का कौन है?"

"भतीजा है. मेरे भाई का लड़का."

त्याने माझं नाव विचारलं, कागदावर बघितलं. "लेकिन नाम तो इसका हिंदू है. आप तो क्रिश्चन हैं."

"तो? भाई बहुत हैं मेरे," बाई म्हणाल्या. "सब एक चर्च में थोड़े ही जाते हैं. चाय लेंगे?"

त्याने चहा घेतला. तो गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "आता लक्षात ठेव. मी आत्या आहे. उगाच घाबरून काही बोलून बसशील." तरी मी त्यांना बाईच म्हणत राहिलो. मॅडम त्यांना ऑफिसात म्हणत, आंटीजी शेजारीपाजारी आणि भाजीवाला. बाई म्हणणारा मी एकटाच होतो आणि ते त्यांना आवडायचं.

नोकरी टेलिफोन खात्यात, ट्रंक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे परगावचे कॉल हाताने जोडून देणारी ऑपरेटर. वीस वर्षांच्या असताना दिल्लीला आल्या त्या त्याच खुर्चीवर. घरी मात्र त्यांनी फोन घेतला नव्हता. खात्याकडून मिळत असूनही नाही. "दिवसभर लोकांना लोकांशी जोडायचं. घरी कोण आहे मला जोडायला?" हे त्या तक्रार म्हणून सांगत नसत. आज भाजीत मीठ कमी आहे, तितक्या सहज सांगत.

त्यांच्या सवयी विचित्र होत्या. गाण्याआधी त्या फक्त कोरडी भाकरी खात. "पोटात ज्वारी असली की आवाज जमिनीवर राहतो. नाहीतर पतंग होतो त्याचा." बूट असायचे ते पायाने ठेका नीट धरता यावा म्हणून. लोकांची पारख त्या त्यांच्या हॅलोवरून करत. पंतप्रधानांच्या नुसत्या हॅलोवरून सरकार टिकेल की नाही ते सांगता येतं, असा त्यांचा दावा होता, आणि दोनदा तो खरा ठरल्याचं त्या सांगत. इंग्रजी गाण्याचा अर्थ विचारलेला त्यांना खपत नसे. "अर्थ नंतर. आधी हे बघ, ती कोणाकडे मागतेय आणि तो देणार आहे का."

त्यांची पहिली गुरू कोण, हे त्यांनी मला एका रविवारी भांडी घासताना सांगितलं. अमेरिकन वकिलातीत एक पहारेकरी होता. माझे वडीलही पहारेकरी, म्हणून त्यांना ते आठवलं असावं. तो दर रविवारी आईला कॉल बुक करायचा. लाईन खराब असायची. काही बोलणं नीट जात नसे, म्हणून म्हातारी सरळ गायला लागायची.

"ती एक ओळ म्हणायची. हा इकडून म्हणायचा, येस मामा. ती दुसरी म्हणायची. येस मामा. ऑपरेटरने ऐकायचं नाही, असा नियम आहे. मी ऐकलं. तीन मिनिटं झाली की लाईन तोडायची, असाही नियम."

"मग तुम्ही तोडायचात?"

"ऑपरेटर होते रे मी. तोडायचे." त्यांनी कढई उलटी ठेवली. "जरा उशिरा तोडायचे."

त्या म्हातारीचं त्यांनी तोंड कधी पाहिलं नाही. पण आपल्या मिशनच्या चर्चमध्ये तबल्यावर भजन व्हायचं, एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा, तेच हे, एवढं त्यांना कळलं. पुढे कनॉट प्लेसमधल्या एका रेस्टॉरंटमध्ये बँडची गायिका लग्न करून ऑस्ट्रेलियाला निघून गेली, तेव्हा ड्रम वाजवणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी यांना उभं केलं. मालक म्हणाला, गाऊन घाला. या म्हणाल्या, साडी. मालकाने बाहेरच्या बोर्डावर त्यांचं नाव बदलून इंग्रजी नाव लावलं. त्या नावाने हाक मारली की बाई वळून बघत नसत. अशा त्या बारा वर्षं गायल्या. दिवसा एक्स्चेंज, संध्याकाळी स्टेज. लोक यायचे, रडायचे, कटलेट खायचे, जायचे. मग मालकाने बँड काढून टेप लावली. शेवटच्या दिवशी बाईंनी रोजचीच दोन गाणी गायली, बूट पिशवीत घातले आणि बसने घरी आल्या.

त्या बारा वर्षांत त्यांचा आवाज एकदाही रेकॉर्ड झाला नाही. कोणी म्हणालं नाही, आणि त्यांनाही सुचलं नाही.

आता माझ्या कामाविषयी. बाईंना एकटं गाता येत नसे. म्हणजे गळा होता, पण ओळ संपली की पलीकडून कोणीतरी उत्तर दिल्याशिवाय पुढची ओळ निघत नसे. रेस्टॉरंटमध्ये ते काम दारावरचा एक वयस्कर वेटर करायचा. तो गढवाली होता, त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण ओळ संपली की तो बरोबर "हाँ जी" म्हणायचा, आणि बाई म्हणत की अख्ख्या बँडमध्ये ताल फक्त त्याला कळायचा. क्वार्टरमध्ये ते काम माझ्याकडे आलं. संध्याकाळी त्या ओट्याला टेकून उभ्या राहत, मी पिठाच्या डब्यावर बसायचो. ओळ संपली की मी म्हणायचं, "हो."

पहिल्या दिवशी मी म्हटलं तेव्हा त्यांनी गाणं थांबवलं. "हजेरी देतोयस का? मास्तर नाही मी." दुसऱ्यांदा, "आता हे बँकेतल्यासारखं झालं." शेवटी म्हणाल्या, "हे बघ, कोणीतरी दार वाजवतंय. तू आतून येतोयस. अजून कडी काढली नाहीस, पण येतोयस. तसं म्हण."

मला ते जमायला पावसाळा गेला. वरच्या मजल्यावरच्या सरदारणी आंटींनी एकदा जिन्यात बाईंना गाठून काळजीने विचारलं, "बहनजी, मुंडा सारी शाम हो-हो करदा रहंदा है. तबीयत ते ठीक है ना?"

"बीमार नहीं है," बाई म्हणाल्या. "ट्रेनिंग चल रही है."

मी थर्ड इयरला असताना दिल्ली फार वेगाने बदलत होती. गच्च्यांवर केबलच्या छत्र्या आल्या, गुडगावकडे काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या, आणि परदेशी कंपन्यांच्या जाहिरातींना एकाएकी परदेशी वाटेल असा आवाज हवा झाला. जाहिरात कंपनीतल्या एका मोठ्या साहेबांनी बाईंना शोधून काढलं. विद्यार्थी असताना ते कनॉट प्लेसला यांचं गाणं ऐकायला येत. ते क्वार्टरमध्ये आले तेव्हा त्यांच्या गाडीभोवती मुलं जमली. वॉशिंग मशीनच्या जाहिरातीचं अर्ध्या मिनिटाचं गाणं होतं.

"गाते," बाई म्हणाल्या. "पण आधी माझं एक गाणं रेकॉर्ड करायचं. पूर्ण. माझं स्वतःचं, मराठीत."

"मराठी? बट व्हाय मराठी, मॅम?"

"इंग्रजी गाणी दुसऱ्यांची आहेत. ती त्यांनी गाऊन ठेवलीत."

साहेब तयार झाले. चांगलं झालं तर कॅसेट कंपनीतल्या मित्राला ऐकवतो, असंही म्हणाले. निवृत्तीला तेव्हा सहा महिने राहिले होते. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "मला मूलबाळ नाही, त्याचं काही नाही. पण हा आवाज माझ्याबरोबर जाणार रे. एक गाणं मागे राहू दे. एकच."

ते गाणं त्यांनी एक्स्चेंजमध्येच रचलं होतं. फार साधं होतं.

लाईन धरून उभी आहे,
पलीकडे कोणी आहे का?

यानंतर उत्तर. प्रत्येक कडव्याचा शेवट तोच होता आणि प्रत्येक वेळी उत्तर हवं होतं.

स्टुडिओ एका नव्या इमारतीच्या तळघरात होता. बाईंनी सकाळी भाकरी खाल्ली, उरलेली फडक्यात बांधली, बूट घातले. बाहेरच्या खोलीत आम्ही थांबलो होतो. गार हवा, मऊ सोफे. माझ्याच वयाची, केस कापलेली एक मुलगी कंपनीकडून आली होती. ती इतकी सहज इंग्रजी बोलत होती की मी उत्तरं आधीच मनात जुळवायला लागलो. तिने मला मोकळेपणाने विचारलं, "सो, आर यू हर सन?"

"नो, नो," मी म्हणालो. "शी इज माय लँडलेडी."

बाई दोन पावलांवर पाणी पीत होत्या. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि आत निघाल्या.

काचेच्या खोलीच्या दारात रेकॉर्डिस्टने मला अडवलं. "मैडम, अंदर सिर्फ आर्टिस्ट."

"ये भी आर्टिस्ट है."

तो हसला आणि मला म्हणाला, "ठीक है भाईसाहब. लेकिन लाल बत्ती जले तो साँस भी मत लेना."

बाई मराठीत म्हणाल्या, "त्याचं मनावर घेऊ नकोस. तो दिवा त्यांच्यासाठी आहे. तू तुझं काम कर."

मी स्टुलावर बसलो. बाईंनी कानावर हेडफोन चढवले. त्यांचा अंबाडा त्यात मावेना. वाद्यं सगळी आधीच एका माणसाने मशिनवर वाजवून ठेवलेली होती. लाल दिवा लागला.

त्या दिवशी आवाज कसा लागला होता, ते मला सांगता येणार नाही. मी काचेपलीकडे बघत होतो. रेकॉर्डिस्ट बटणं फिरवत होता, त्याचा हात तसाच थांबला. साहेबांनी हातातला पेजर टेबलावर ठेवून दिला. ती मुलगी लिहीत होती, तिने मान वर केली आणि मग ती खाली घातलीच नाही.

पलीकडे कोणी आहे का, बाईंनी विचारलं.

मी तोंड उघडलं होतं. मला वाटलं, त्या काचेपलीकडे सगळ्यांच्या कानात माझा आवाज जाणार. गेटवरच्या पहारेकऱ्याच्या पोराचा, गावाकडचा, जाड. लाल दिवा माझ्यासाठी नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी त्या दिव्याची सबब मनातल्या मनात धरली आणि गप्प राहिलो.

मशीन पुढे गेलं. बाईंची एक ओळ सुटली, पण त्यांनी पुढची पकडली. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी त्यांनी विचारलं आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. पिठाच्या डब्यावर बसलेलो असताना बघत, तशाच. मी गुडघ्यांकडे बघत राहिलो. तिसऱ्या कडव्याला त्यांनी बघितलंही नाही. ओळ अर्धी झाली आणि त्या थांबल्या. मशीन एकटंच वाजत राहिलं.

"मैडम, क्या हुआ? बहुत बढ़िया जा रहा था!"

बाईंनी हेडफोन काढले, पदराने पुसले आणि खुंटीला लावले. "बस जी. हो गया."

साहेब आत आले, पुन्हा घेऊ म्हणाले, चहा मागवतो म्हणाले, उद्या घेऊ म्हणाले. बाई प्रत्येक वेळी नम्रपणे नाही म्हणाल्या. जाहिरातीलाही नाही. त्या पुढे गेल्यावर रेकॉर्डिस्टने मला विचारलं, "क्या हुआ आंटी को?"

मी म्हणालो, "पता नहीं."

बसमध्ये त्यांनी फडकं सोडलं, अर्धी भाकरी मला दिली. "खिडकीशी बस. तुला बस लागते." संपूर्ण रस्ताभर एवढंच. घरी गेल्यावर मी सवयीने स्वयंपाकघरात जाऊन डब्यावर बसलो. त्या म्हणाल्या, "परीक्षा जवळ आलीय. अभ्यास कर." यानंतर त्यांनी मला पुन्हा कधी बसवलं नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पूर्वीसारख्याच वागल्या, पूर्वीइतकंच जेवायला वाढलं. फक्त संध्याकाळी घर शांत असायचं.

जाहिरात दुसऱ्या कोणी मुलीने गायली. सरदारणी आंटींच्या टीव्हीवर ती लागायची आणि आवाज खाली यायचा. बाई कान देऊन ऐकत. "पट्टी बरोबर आहे. जरा घाईत आहे, एवढंच."

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं. त्यांची भाची, म्हणजे आमच्या सरांची मुलगी, पुण्याहून नोकरीसाठी आली होती आणि नवऱ्याबरोबर द्वारकेला सोसायटीत राहत होती. बाई तिकडे गेल्या, मला होस्टेल मिळालं. तेव्हा द्वारकेत माणसांपेक्षा इमारती जास्त होत्या. पाणी टँकरने यायचं, बस शेवटच्या सेक्टरच्या आधीच वळायची. मी गेलो तेव्हा त्या सहाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत उभ्या होत्या आणि विमानं मोजत होत्या.

"इथला जिना फार चांगला आहे," त्या म्हणाल्या. "रिकामा आहे ना, आवाज परत येतो. मी रोज चार वाजता गाते. आपणच विचारायचं, भिंतीने म्हणायचं." मग हसून त्यांनी मला सोसायटीच्या बोर्डावर लागलेली नोटीस सांगितली. सदस्यांनी कृपया जिन्यात गाऊ नये. "मी सदस्य नाही, असं कळवलंय मी."

त्या दिवशी मी माफी मागायची ठरवून गेलो होतो. वाक्य बसमध्ये पाठ केलं होतं. भाची चहा घेऊन आली, मग तिच्या नवऱ्याने मला नोकरीच्या संधी सांगितल्या, मग बस चुकेल म्हणून बाईंनीच मला उठवलं. पुढच्या वेळी, असं मी मनाशी म्हणालो. पुढच्या वेळीही तसंच झालं. मग एम.ए.ची परीक्षा, मग एम.फिल.चा प्रबंध. द्वारका लांब आहे, असं मी इतरांना सांगायचो. ती तितकी लांब नाही.

कोपर्निकस मार्गावरच्या, आपल्या राज्याच्या सदनाच्या कँटीनमध्ये मी गावाकडच्या जेवणाची आठवण आली की जातो. तिथल्या काउंटरवरचे काका मराठी मुलांचे निरोप ठेवून घेतात. गेल्या महिन्यात त्यांनी मला पाहिलं आणि ताट पुढे करायच्या आधी गल्ल्याखालून एक चिठ्ठी काढली. "अरे, कुठे होतास? दीड महिना झाला ही पडून आहे. त्या ताईंना तुझं होस्टेल माहीत नव्हतं. इथे तरी येशील म्हणून ठेवून गेल्या."

चिठ्ठी बाईंच्या भाचीची होती, दोनच ओळींची. आत्या गेली, झोपेतच गेली, त्रास झाला नाही. खाली फोन नंबर.

मी बाहेरच्या बूथवरून फोन लावला. ताईंनी सगळं सांगितलं. शेवटच्या वर्षात चालणं कमी झालं होतं, तरी खुर्ची घेऊन जिन्यात बसायच्या. मीच मध्ये म्हणालो, "ताई, मला त्यांना एक सांगायचं राहिलं. स्टुडिओतल्या त्या दिवसाचं."

"रेकॉर्डिंगचं ना? सांगायची आत्या," त्या म्हणाल्या. "बाबा विचारायचे तिला, एवढी संधी आली होती, गाणं का झालं नाही? म्हणायची, माझाच आवाज लागला नाही त्या दिवशी. वय झालं होतं. पोराने बिचाऱ्याने माझ्यापायी किती धावपळ केली."

बूथमधला मीटर पुढे सरकत होता. ताईंना वाटलं, लाईन तुटली.

"हॅलो? ऐकू येतंय ना?"

"लागला होता," मी म्हणालो. "आवाज लागला होता, ताई. मी तिथेच होतो."